पाहुणी म्हणून किती दिवस बसणार?

‘मावशी, मी मूळची नगरची. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीवर. लहानपण देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातच गेलं. लग्नानंतर अमेरिकेत आले, आता बॉस्टनजवळच्या एका गावात राहते. चार वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. इथल्या भारतीय ख्रिस्ती कुटुंबांची घरोघरी प्रार्थनासभा भरते. माझं कळल्यावर तिथे एका वडीलधाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर डोळे मिटून, माझं नाव घेऊन प्रार्थना केली, “प्रभू, आमच्या या बहिणीला सुबुद्धी दे, मोडलेलं घर जोड.” माझा मुलगा शेजारीच बसला होता. त्या दिवसापासून जाणं सोडलं. प्रार्थनाही सुटली.

गेल्या हिवाळ्यात वडील वारले. ऑफिसातली एक मैत्रीण मला तिच्या चर्चला घेऊन गेली. बाहेर पाटी “युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट”, दारावर इंद्रधनुष्याचा झेंडा. पाळक बाई आहेत आणि त्यांची बायको पहिल्या बाकावर बसते. पहिलंच गीत सुरू झालं आणि चाल नगरच्या देवळातली निघाली. मी रडायला लागले ती थांबेचना. कुणी काही विचारलं नाही, शेजारच्या आजींनी फक्त रुमालांचं खोकं सरकवलं. तेव्हापासून दर रविवारी जाते.

पण आईने व्हिडिओ कॉलवर तो झेंडा पाहिला आणि म्हणाली, “हे चर्च नव्हे, यांनी शास्त्र सोडलंय.” त्यात एका जुन्या सभासद बाई कॉफी पिता पिता सहज म्हणाल्या, “येशूच्या पुनरुत्थानाबद्दल माझं अजून काही ठरलेलं नाही.” मी हबकलेच. शिवाय रविवारी मिळालेली शांती मंगळवारपर्यंतही पुरत नाही. आता तिथले लोक सभासद व्हा म्हणतायत. होऊ का? की हे नुसतं बरं वाटणं आहे?’

*

पोरी, त्या ‘सुबुद्धी’च्या प्रार्थनेपासून सुरुवात करते, कारण तुझं पाऊल तिथेच अडकलंय.

आपल्या मंडळ्यांमध्ये ही खोड जुनी आहे. जे माणसाला तोंडावर सांगायची छाती होत नाही, ते डोळे मिटून देवाला ऐकवायचं. देवाशी बोलणं चाललेलं असल्यामुळे उलट उत्तराची सोय नाही, आणि शेवटी सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं की ठराव एकमताने मंजूर. तुझ्या मुलाच्या देखत हे झालं, हे मला जास्त लागलं. त्या बाईंच्या मनात वाईट नसेलही. पण हेतू चांगला होता म्हणून घाव झालाच नाही असं होत नाही. क्षमा करायलाच हवी का, असं तू थेट विचारलेलं नाहीस, तरी पत्रात तो प्रश्न जागोजागी डोकावतो. म्हणून सांगते, घाई नको. कुणी वचनं तोंडावर फेकून घाई करायला लावली तर तिथून उठून ये. मात्र त्या एका बाईंपायी त्या घरांमधली सगळीच माणसं टाकू नकोस. तुझ्या बाजूने गप्प बसलेलं, नंतर फोन करावा की करू नये या विचारात राहिलेलं कुणीतरी तिथे असणारच. मराठीत हसायला-रडायला माणूस लागतं, आणि ती सोय या नव्या चर्चमध्ये होणार नाही.

आता आईचं.

आईशी झेंड्यावरून व्हिडिओ कॉलवर वाद घालू नकोस. तिला सालेमची गोष्ट सांग. तू राहतेस तिथून सालेम काही फार लांब नसेल. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी तिथल्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. हॉल १८२६ साली दौऱ्यावर असताना पटकीने गेला. त्यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्येच स्थापन झालं होतं. नगरचं काम १८३१ साली सुरू झालं तेही त्यांचंच. आपण ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणतो ते हे. मिस सिंथिया फरार याच बोर्डाच्या. त्यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि तिथून काय सुरू झालं ते महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको.

तर या बोर्डामागे उभी होती न्यू इंग्लंडमधली कॉंग्रिगेशनल चर्चेस, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते अशा पंथाची. पांढरी, लाकडी, गावाच्या मधोमध हिरवळीवर बांधलेली. तिथल्या बायकांनी साठवलेल्या डॉलरांतून तुझ्या आजोबांच्या शाळेसारख्या शाळा चालल्या. १९५७ साली या चर्चेसपैकी बहुतेक एका जर्मन वळणाच्या पंथाशी एक झाली आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट तयार झालं. इकडे आपली मराठी कॉंग्रिगेशनल मंडळी आधी प्रेस्बिटेरियनांशी जोडली गेली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात गेली. म्हणजे आई ज्या देवळात जाते आणि तू ज्या चर्चला जातेस, ती एकाच घरातून निघालेली भावंडं आहेत. तुझ्या कानावर नगरची चाल पडली तो काही चमत्कार नव्हता, ती चाल तिकडूनच इकडे आली होती. (एक सावधगिरी: अमेरिकेत नुसतं ‘चर्च ऑफ क्राइस्ट’ म्हणवणारा एक वेगळा, चांगलाच कर्मठ गट आहे. नगरमधल्या कुणा भाच्याने मोबाइलवर शोधून आईला भलतंच वाचून दाखवलं तर घोळ होईल.)

यावर आई म्हणेल, ‘तेव्हाची माणसं शास्त्र धरून होती, आताची नाहीत.’ हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण शास्त्र धरून होती म्हणून ती माणसं नेहमी बरोबर होती असंही नाही. याच अमेरिकन बोर्डाने गुलामगिरीच्या प्रश्नावर कच खाल्ली. देणगीदार दुखावतील म्हणून बोटचेपेपणा केला, आणि त्याला वैतागून गुलामगिरीविरोधी लोकांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. दोन्ही बाजू बायबलच उघडून बसल्या होत्या. बाईने पाळक व्हावं की नाही यावरही तेच झालं. १८५३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर नावाच्या खेड्यात एका कॉंग्रिगेशनल चर्चने अँटोनेट ब्राउन हिला दीक्षा दिली, तेव्हाही ‘यांनी शास्त्र सोडलं’ असंच म्हणणारे होते. आपल्याकडे नगरच्या मंडळीत महार-मांगांच्या आणि ब्राह्मणांच्या घरांतून आलेली माणसं प्रभुभोजनाला एकत्र बसू लागली, तेव्हा भोवतालच्या गावाला तो धर्म वाटला असेल का, हे आईलाच विचार. तिच्या सासूने-आजीने त्या काळच्या गोष्टी सांगितल्या असतील.

आणि त्या झेंड्याबद्दल. समलिंगी माणसांचं इथे स्वागत आहे, ही त्याची खूण. तो फॅशन म्हणून लागलेला नाही. या चर्चने बिल जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला १९७२ साली पाळकपदाची दीक्षा दिली. १९८५ साली त्यांच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला की मंडळ्यांनी अशा माणसांचं उघड स्वागत करावं. पण ठराव वरून लादता येत नाही, कारण त्यांच्यात प्रत्येक मंडळी आपल्यापुरती मुखत्यार असते. त्यामुळे गावोगावच्या चर्चेसनी महिनोन् महिने अभ्यास केला, भांडणं केली आणि मग मतदान घेतलं. काहींनी आजवर घेतलेलं नाही. २००५ साली अटलांटाच्या सभेत समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला गेला, त्यानंतर शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या. म्हणजे या झेंड्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे.

माझं मत विचारशील तर, ज्या चर्चमध्ये पाळकबाईंची बायको पहिल्या बाकावर निवांत बसू शकते, त्याच चर्चमध्ये एका घटस्फोटित बाईला ‘असं का झालं?’ हे कुणी विचारत नाही. त्या दोघींसाठी दार सताड उघडावं लागलं म्हणून ते तुझ्यासाठीही उघडं होतं. हे आईला पटेलच असं नाही. न पटू दे. तिला शास्त्राची काळजी आहे हे खरं, पण नवरा नुकताच गेलाय, लेक सातासमुद्रापार एकटी, नातू परक्या मुलखात वाढतोय, आणि फोनच्या एवढ्याशा चौकटीत तिला दिसतं ते एक अनोळखी दार. या बाईला दिलासा हवा आहे. झेंड्याऐवजी तिला त्या रुमालांचं खोकं सरकवणाऱ्या आजी दाखव. दोघींना फोनवर हात हलवू दे. भाषा येत नसली तरी म्हाताऱ्या बायका एकमेकींना बरोबर ओळखतात.

तुझ्या मुलाला आणि तुला एखादा शनिवार मोकळा मिळाला तर आणखी एक कर. बॉस्टनमध्ये बीकन स्ट्रीटवर १४ नंबरला कॉंग्रिगेशनल लायब्ररी आहे. आणि अमेरिकन बोर्डाची जुनी पत्रं, अहवाल, दप्तरं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नगरहून गेलेले कागद त्यांत आहेत. आधी कळवून, वेळ ठरवून जावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला प्रवचनापेक्षा असल्या कागदांत जास्त रस वाटण्याची शक्यता आहे.

आता पुनरुत्थानाबद्दल ‘अजून ठरलेलं नाही’ म्हणणाऱ्या बाई.

तू हबकलीस कारण आपल्याकडे असं कुणी बोलत नाही. शंका नसते असं नाही हां. नगरच्या देवळात मागच्या बाकावर बसणाऱ्या कितीतरी पुरुषांचंही ठरलेलं नव्हतं, फक्त ते कॉफी पिता पिता सांगायची पद्धत नव्हती. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट जुने मतांगीकार, म्हणजे ‘आम्ही हे हे मानतो’ असे श्रद्धेचे ठरीव पाठ, टाकून देत नाही, पण ते म्हणता आले तरच आत या, असंही म्हणत नाही. पूर्वजांनी दिलेली साक्ष म्हणून ते जपायचे, प्रवेशपरीक्षा म्हणून वापरायचे नाहीत, अशी त्यांची धारणा आहे. त्या बाईंचं ठरलेलं नाही, तरी त्या वर्षानुवर्षं येतात, कदाचित इस्टरच्या पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतात. यातून तू तुझ्या श्रद्धेला उणं मानायचं कारण नाही. तू ठामपणे मानतेस ना? मग ठामपणे मान, आणि कॉफी पिताना तेही सांग. मोकळेपणा खरा असेल तर तो तुझ्या जुन्या वळणाच्या श्रद्धेलाही मिळायला हवा. तिथे शंका घेणाऱ्याचं कौतुक आणि साधेपणाने विश्वास ठेवणाऱ्याची टिंगल होत असेल, तर मात्र ती उदारता नाही, उलट्या दिशेचा कर्मठपणाच आहे. हे नीट बघून घे.

प्रश्न विचारणारी ख्रिस्ती बाई आपल्याला नवी नाहीच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला, आणि मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, या मतापासून) बिशपांच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर त्यांनी पत्रांतून वाद घातला. मोठ्या कष्टाने भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती आता दुसऱ्या जोखडात घालणार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, आणि त्यांच्या विधवांच्या शाळेसाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली ती १८८७ साली, तुझ्याच बॉस्टनमध्ये. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, म्हणजे युनिटेरियन, त्रैक्य न मानणारे, आपल्या नगरच्या हिशेबाने तर पुरतेच पाखंडी. त्यांच्या जोडीला एपिस्कोपल, कॉंग्रिगेशनल अशी नाना पंथांची माणसं. त्या पैशांवर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं. रमाबाईंना मी ‘प्रागतिक’ म्हणून आपल्या खात्यात जमा करत नाहीये, कारण पुढे त्यांची श्रद्धा वेगळ्या वळणाने गेली आणि १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, श्रद्धेची लाटच आली. पण वळणावळणावर त्या स्वतः विचारत गेल्या. नारायण वामन टिळकांचंही तसंच. हा माणूस १८९५ साली ख्रिस्ती झाला, नगरला मिशनचं काम केलं, आणि शेवटी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही. ही आपली घरची माणसं आहेत. उदारमतवाद तू अमेरिकेत जाऊन उचललास, असं कुणी म्हणालं तर ही नावं घे.

एवढी वकिली केली, आता त्या चर्चच्या उण्या बाजूही सांगते, म्हणजे उद्या पडलीस तर लागणार नाही.

ही माणसं तुझ्या घरी न सांगता कधीच येणार नाहीत. नगरला पाळकसाहेब संध्याकाळी सायकल लावून थेट ओट्यावर, आई पदर सावरत चहा टाकतेय, तेवढ्यात प्रार्थना. याला आपण प्रेम समजतो. तिकडे न विचारता येणं हा आगाऊपणा. तू आजारी पडलीस आणि कळवलंस, तर तक्ता निघेल, सोमवारी कोण सूप आणणार, बुधवारी कोण लझान्या, सगळं ठरेल आणि डबा दाराबाहेर ठेवून माणूस निघूनही जाईल, तुला त्रास नको म्हणून. पण कळवलं नाहीस तर कुणाला पत्ता नसेल. वडील गेल्यानंतर पाळकबाई भेटायला आल्या नाहीत म्हणून तू खट्टू झालीस, हे तू पत्रात ओझरतं लिहिलंस. तू त्यांना ‘या’ म्हणालीस का? म्हणून बघ. ‘मला तुमच्याशी बोलायचं आहे, घरी याल का?’ एवढ्या एका ओळीच्या ईमेलवर त्या येतील.

दुसरं, गर्दी ओसरते आहे. स्थापनेच्या वेळी या चर्चचे वीस लाखांच्या घरात सभासद होते, आता आठ लाखही उरलेले नाहीत. तुझ्या चर्चमध्येही बाक रिकामे असतील, केस पांढरे असतील, आणि छताच्या दुरुस्तीचा विषय दर सभेत निघत असेल. काही रविवारी प्रवचन ऐकताना वाटेल की वर्तमानपत्राचा अग्रलेखच चाललाय, प्रभूचं नाव शेवटच्या परिच्छेदात. आणि तुझ्या सावळ्या रंगाचं त्यांना जरा जास्तच कौतुक वाटेल. भारतावर बोला, साडी नेसून या, मसाल्याचं काहीतरी आणा. एकदा-दोनदा हौसेने कर, पण प्रदर्शनातली वस्तू होऊ नकोस. ‘भारतावर नको, मी बजेट कमिटीवर येते,’ असं म्हणून बघ, कशी धावपळ होते ती.

इथेच मी तुझ्या मंगळवारच्या शांतीकडे येते.

तुझं सगळं पत्र मला काय मिळालं, काय मिळालं नाही, यावर आहे. त्यात तुझी चूक नाही, इतकी रिकामी होऊन माणसं आत येतात तेव्हा आधी भरूनच घ्यावं लागतं. पण रविवारी तासभर बाकावर बसून मिळालेली शांती मंगळवारी संपणारच. ती कुणालाच पुरत नाही, पाळकबाईंनाही नाही. आठवून बघ, नगरला तुझ्या आईला देवळातून शांती मिळायची ती उपासनेच्या तासाभरात का? ती मिळायची शुक्रवारी बायकांच्या सभेत, हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) भोपळ्याची बोली लावताना, नाताळाच्या आधी करंज्या तळताना, कुणाच्या मयताला रात्रभर बसताना. तिच्यावाचून तिथे काहीतरी अडायचं. तुझ्यावाचून या चर्चमध्ये अजून काहीच अडत नाही. ते तुझं स्वागत करतात, तू येतेस, कॉफी घेतेस, कप टेबलावर ठेवतेस आणि निघतेस. पाहुण्यासारखी. पाहुण्याला मान असतो, पण त्या घरात त्याला झोप लागत नाही.

म्हणून येत्या रविवारी कॉफी झाली की कप घेऊन थेट स्वयंपाकघरात जा. प्रत्येक चर्चमध्ये तिथे दोन-तीन बायका आणि एखादा निवृत्त शिक्षक भांडी विसळत उभे असतात. चर्चची सगळी खरी माहिती तिथेच मिळते. फडकं उचल आणि पुसायला लाग. काय बोलायचं याची चिंता करू नकोस, हातात काम असलं की बोलणं येतं. तू लिहिलंस की शाळेत असताना तू कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा सूर) गायचीस. मग तिथल्या कॉयरला आल्टो नकोय असं तुला कुणी सांगितलं? त्यांची तालीम बहुधा आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी असते, म्हणजे मंगळवारनंतर तुला धरायला काहीतरी राहील. गाता येण्याची फार मोठी परीक्षा नसते. ज्याला सूर सापडत नाही त्याला ते बेसवाल्यांच्या मागे उभं करतात.

प्रार्थना सुटली म्हणतेस, त्यावर एक छोटा उपाय. उपासनेत सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा तू ती मराठीत म्हण. मोठ्याने नाही, शेजारणीला ऐकू जाईल इतपत. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून आमेनपर्यंत. त्यांच्या आधी संपेल किंवा मागून, काही बिघडत नाही. त्या चर्चमध्ये यावर कुणी कपाळाला आठ्या घालणार नाही, उलट विचारतील. एवढी एक प्रार्थना तोंडात बसली की बाकीच्या आपोआप येतील, आल्या नाहीत तरी एवढी पुरे.

आणि हे स्पष्ट बोलते: रात्र-रात्र झोप लागत नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, रडू रोजचंच झालं असेल, तर डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा. चर्च त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि शहाणं चर्च तसा दावाही करत नाही. पाळकबाईंना विचारलंस तर त्याच एखादं नाव देतील.

मुलाला ओढत नेऊ नकोस. त्याने आपल्या आईचं नाव घेऊन केलेली प्रार्थना ऐकली आहे, त्याचा राग योग्य आहे. मुलांच्या गटाची सहल वगैरे असेल तर सांग आणि सोडून दे. (या चर्चने युनिटेरियन युनिव्हर्सलिस्टांबरोबर मिळून लैंगिक शिक्षणाचा एक अभ्यासक्रमच बनवला आहे, ‘अवर होल लाइव्ह्ज’ नावाचा, आणि अनेक मंडळ्या तो मुलांना शिकवतात. चांगला आहे. नगरला फोनवर त्याची चर्चा करायची गरज नाही.)

सभासद होण्याचं. हो, पण आधी थोडी चौकशी कर. गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल माग आणि पैसा कुठे जातो ते वाच, किती छतावर, किती गावातल्या गरजूंवर. स्वागताचा तो ठराव इथे केव्हा झाला, तेव्हा कोण विरोधात होतं आणि विरोधातली माणसं आज कुठे आहेत, हे भांडी पुसताना विचार. ‘अजून आहेत, तो बघ तिकडे बसलाय’ असं उत्तर आलं तर ते चर्च मजबूत आहे असं समज. सगळे एकाच मताचे उरले असतील तर जरा जपून. ठरलं की एका रविवारी पुढे बोलावतात, मंडळीबरोबर करार वाचायचा असतो, तू काही वचन देतेस आणि उलट सगळी मंडळी उभी राहून तुला वचन देते. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागत नाही. नगरच्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र मागवता येईल, आणि ते आणायला आईलाच पाठव. पाळकसाहेबांसमोर बसून लेकीच्या चर्चचं नाव तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. कुरकुरत जाईल, पण जाईल. त्यानंतर वार्षिक सभेत तुला मत असेल, अगदी पाळक नेमण्यावरसुद्धा, आणि वर्षभरात किती देणार याचा आकडा लिहून द्यायचा कागदही येईल. झेपेल तेवढाच लिही.

तुझ्या ता. क.मध्ये तू विचारलंस की दादांसाठी, म्हणजे तुझ्या वडिलांसाठी, त्या चर्चमध्ये मराठीत प्रार्थना झालेली चालेल का, अंत्यविधीला पोचता आलं नाही म्हणून. चालेल. असल्या चर्चेसमध्ये उपासनेच्या मध्ये सुखदुःख सांगायची वेळ असते, माइक फिरतो, तेव्हा एखादं वाक्य बोलता येतं. पण मला वाटतं तू नोव्हेंबरचा पहिला रविवार धर. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून मेणबत्त्या लावतात. तुमच्याकडेही लावतात का ते आताच ऑफिसला विचार, नाव कळव, आणि दादांच्या आवडीच्या गीताचं एक कडवं मराठीत म्हणू द्याल का तेही विचार. आईला त्या वेळी व्हिडिओवर घे. फक्त एक लक्षात ठेव, नेमक्या त्याच रविवारी पहाटे अमेरिकेतली घड्याळं तासाने मागे जातात. तुमची उपासना सकाळी दहाला असेल तर आईला साडेआठ सांग, साडेसात नाही.